ब्रेकची तबकडी : तासावी कीं बदलावी?

२०२४ सालच्या मे महिन्यांतली गोष्ट. महाबळेश्वरास चार दिवस राहून आम्ही घरचीं सात माणसें पुण्यास परत निघालों होतों. गाडी घरची, म्हणजे कोणा एकट्याची नव्हे. आम्हां तिघां भावांनीं मिळून घेतलेली, परदेशी बनावटीची, ऐसपैस आणि अंगानें भरभक्कम अशी एसयूव्ही. पांचगणी मागें पडली आणि पसरणीचा घाट सुरू झाला. निम्मा घाट उतरेपर्यंत सर्व ठीक होतें. पुढें एका वळणावर मीं ब्रेकवर पाय ठेवला मात्र, स्टिअरिंग हातांत थरथरूं लागलें. पाय काढला कीं थरथर थांबे. पाय ठेवला कीं पुन्हां सुरू होई. मागल्या आसनावरून आई म्हणाली, “काय रे, गाडीला हींव भरलें कीं काय?” मुलें हंसलीं, पण वाई येईपर्यंत माझ्या मात्र तोंडचें पाणी पळालें होतें.

दुसऱ्या दिवशीं गाडी सर्व्हिस सेंटरांत नेली. तेथील तरुण गृहस्थानें गाडी एकदां चालवून पाहिली आणि चाक न काढतांच निदान सांगितलें. चारही चाकांच्या डिस्क वांकल्या आहेत. त्या आणि त्यांबरोबर सर्व पॅड बदलावे लागतील. खर्च एक लाख पंचाऐंशी हजार रुपये. कागद घेऊन मी घरीं आलों, आणि रात्रीं जेवणें उरकल्यावर दिवाणखान्यांत सभा भरली.

एकत्र कुटुंबांत खर्चाचा प्रश्न निघाला म्हणजे जेवढीं डोकीं तेवढीं मतें हें ठरलेलेंच. आमच्या दादाचें म्हणणें असें कीं, घरचीं सात माणसें ज्या वस्तूच्या भरंवशावर घाट उतरतात तिच्यांत काटकसर करणें हा करंटेपणा होय. सांगितलें आहे तें सर्व बदलून मोकळें व्हावें. नानाकाकांचें मत अगदीं उलट. त्यांची उभी हयात रेल्वेच्या कारखान्यांत गेली. लोखंड टाकून द्यावयाचें नसतें, तें पुन्हां कामास लावावयाचें असतें, हें त्यांचें जुनें ब्रीद. “तबकडी लेथवर चढवून दोन्ही अंगांनीं जराशी तासून घेतली कीं नव्यासारखी होते. पन्नास वर्षें हेंच करीत आलों आहों,” असें त्यांनीं ठणकावून सांगितलें. वाद रंगांत आला. तेव्हां घरचा हिशेब ठेवणाऱ्या वहिनी, आतांपर्यंत गप्प होत्या त्या, म्हणाल्या, “बदलायचें कीं तासायचें हें पुढें बघूं, पण मोजलें कोणीं?”

मोजलें कोणींच नव्हतें. सर्व्हिस सेंटरानें नव्हे, नानाकाकांनींही नव्हे. या लेखाचें सारें सार वहिनींच्या त्या एका प्रश्नांत आहे असें मला आज वाटतें. परंतु तो प्रश्न नीट कळावयास ही तबकडी काय काम करते हें आधीं पाहिलें पाहिजे.

चाकाच्या मधोमध जो फिरता भाग असतो त्यास हब म्हणतात. त्या हबावर ओतीव लोखंडाची एक जाड तबकडी बसविलेली असते, हीच डिस्क. ती चाकाबरोबर फिरते. तिच्या कडेला घोड्यावरल्या खोगिराप्रमाणें बसलेला, पण न फिरणारा असा कॅलिपर असतो, आणि त्याच्या पोटांत तबकडीच्या दोन बाजूंस दोन पॅड असतात. ब्रेकवर पाय दिला कीं तेलाच्या दाबानें हे पॅड तबकडीस चिमटींत धरतात. धांवत्या गाडीच्या अंगांत जी शक्ति सांठलेली असते ती या घर्षणांत उष्णता होऊन बाहेर पडते. ब्रेक म्हणजे शक्तीची उष्णता करणारें यंत्र. दुसरें कांहीं नव्हे.

ही उष्णता किती, याचा हिशेब मीं एका रात्रीं करून पाहिला. माणसांसकट २४०० किलो वजनाची गाडी ताशीं १०० किलोमीटर वेगानें जात असतां ती पूर्ण थांबविली, तर जी उष्णता निघते तीवर सुमारें तीन लिटर साधें पाणी उकळीस येईल. हें कांहीं फार नव्हे. पण पांचगणीहून वाईस उतरतांना गाडी सुमारें साडेपांचशें मीटर खालीं येते. ती सर्व उतरण केवळ ब्रेकवर काढली तर जी उष्णता निघेल ती चाळीस लिटर पाणी उकळावयास पुरेल. ज्यांनीं लहानपणीं न्हाणीघरांतला तांब्याचा बंब पेटविला असेल त्यांस चाळीस लिटर पाणी तापविणें म्हणजे काय हें सांगावयास नको. तेवढा बंब चार तबकड्यांनीं बारा-तेरा किलोमीटरांत पेटवावयाचा. आणि त्यांतही ब्रेक दाबतां गाडीचा भार पुढें झुकत असल्यामुळें मोठा वांटा पुढल्या दोन तबकड्यांकडे जातो. तबकडी आंतून पोकळ आणि पंख्यासारख्या पात्यांची करतात ती यासाठींच; फिरतां फिरतां तिनें वारा खेळवून स्वतःस थंड ठेवावें. तबकडीची जाडी ही निव्वळ मजबुतीची बाब नाहीं, ती उष्णता पोटांत सांठविण्याची बाब आहे. झिजून पातळ झालेली तबकडी तेवढ्याच उष्णतेनें अधिक तापते.

आतां ‘वांकली’ या शब्दाविषयीं. हा शब्द गॅरेजांतून सर्रास ऐकूं येतो आणि बहुतेक वेळां तो खोटा असतो. ओतीव लोखंडाची एवढी जाड तबकडी रस्त्यावरच्या उष्णतेनें पापडासारखी वांकडी होत नाहीं. थरथर होते ती तबकडीची जाडी सर्वत्र सारखी न राहिल्यामुळें. एका जागीं ती एका केसाच्या चौथ्या-पांचव्या हिश्श्याइतकी, म्हणजे ०.०१५ ते ०.०२ मि.मी. जरी जाड असली, तरी प्रत्येक फेऱ्यांत ती जागा पॅडांना धक्का देते. तो धक्का तेलांतून पायास आणि सांध्यांतून स्टिअरिंगास कळतो.

जाडींत हा फरक पडतो कसा? दोन वाटा आहेत. पहिली अशी कीं तबकडी हबावर अगदीं सरळ बसलेली नसते. हब आणि तबकडी यांच्यामध्यें गंजाची एखादी खपली अडकली, किंवा चाकाचे बोल्ट हवेच्या बंदुकीनें वाटेल तसे आवळले, म्हणजे तबकडी फिरतांना किंचित् डुलते. डुलणारी तबकडी, ब्रेक दाबलेला नसतांनाही, प्रत्येक फेऱ्यांत एकाच जागीं पॅडाला घासून जाते. पहिल्या दिवशीं कांहीं जाणवत नाहीं. परंतु कांहीं हजार किलोमीटरांनंतर ती जागा झिजून पातळ झालेली असते. म्हणून आज केलेल्या हलगर्जीपणाची थरथर सहा महिन्यांनीं उमटते आणि खऱ्या कारणाची आठवण कोणास राहत नाहीं. दुसरी वाट पॅडाच्या थराची. पॅड फार तापला कीं त्याचा पातळ लेप तबकडीवर बसतो. घाटाच्या पायथ्याशीं, तबकडी धगधगत असतां, आपण सिग्नलापाशीं ब्रेक गच्च दाबून उभे राहिलों तर तो लेप त्या एकाच जागीं, पॅडाच्या आकाराचा, ठसा उमटावा तसा बसतो. ठसा ताजा असेल तर पुढें मोकळ्या रस्त्यावर मध्यम दाबानें दहा-बारा वेळां वेग कमी केला असतां तो कित्येकदां घांसून निघून जातो, आणि तासण्याची व बदलण्याची दोन्ही गरज उरत नाहीं. मात्र त्या जागेवरचें लोखंड पुनःपुन्हां फार तापत राहिलें तर त्याचीच जात पालटते. तेथें सिमेंटाइट नांवाचा कठीण पदार्थ तयार होतो. हे कठीण डाग निळसर दिसतात, खोलवर गेलेले असतात, आणि वरवर तासून जात नाहींत. तासल्यावर महिनाभर बरें वाटतें, मग तीच जागा पुन्हां वर येते.

आतां मोजणीची हकीकत. नानाकाकांपाशीं लांकडी पेटींत जपून ठेवलेला मायक्रोमीटर आहे. रविवारीं सकाळीं आमच्या माहितीच्या एका मिस्त्र्याच्या गॅरेजांत गाडी उचलून चारही चाकें काढलीं. मिस्त्र्यानें आपला व्हर्नियर पुढें केला, तो नानाकाकांनीं परत दिला, आणि कारणही दाखविलें. वापरानें तबकडी झिजते ती पॅड फिरतो तेवढ्या पट्ट्यांत. अगदीं कडेला न झिजलेला कांठ उभा राहतो. देवघरांतील सहाण वर्षानुवर्षें गंध उगाळून मध्यें खोल होते आणि कड तशीच राहते, तोच प्रकार. व्हर्नियरचे सरळ जबडे त्या कांठावर टेकतात आणि आहे त्याहून अधिक जाडी सांगतात. मायक्रोमीटर कांठ ओलांडून आंत घेतां येतो.

प्रत्येक तबकडीवर, बहुधा मधल्या टोपीसारख्या भागावर किंवा कडेवर, किमान जाडीचा आंकडा कोरलेला असतो. आमच्या पुढल्या तबकड्यांवर गंज पुसतांच ३४.४ हा आंकडा दिसला. नवी असतांना तबकडी ३६ मि.मी. जाड. म्हणजे कारखान्यानें झिजण्यास मुभा दिली ती अवघी १.६ मि.मी., दोन्ही अंगें मिळून! नानाकाका तो आंकडा वांचून क्षणभर थबकले. मग त्यांनीं कडेपासून दीड सेंटिमीटर आंत, गोल फिरत, आठ ठिकाणीं मापें घेतलीं आणि मीं तीं वहींत उतरलीं. डावीकडे सर्वांत जाड जागा ३४.९६, सर्वांत पातळ ३४.९३. उजवीकडे ३४.८८ आणि ३४.८६. थरथरीचा उलगडा त्या ०.०३ आणि ०.०२ मध्यें झाला. तबकड्या अद्याप किमान जाडीच्या वर होत्या, हेंही सिद्ध झालें. दादाचा पक्ष निम्मा पडला असें मला वाटलें.

पण खरी गोष्ट पुढेंच होती. नानाकाका बांकावर बसून पाठीमागल्या कागदावर आंकडेमोड करूं लागले. लेथवर पृष्ठभाग साफ करावयाचा म्हणजे प्रत्येक अंगानें कमीत कमी ०.२ मि.मी. तरी जाणार, दोन्हीं अंगें मिळून ०.४. उजवी तबकडी ३४.४८ वर येणार. तेथून किमान मर्यादा उरली ०.०८. गाडी आजवर ५२ हजार किलोमीटर चालली आणि तेवढ्यांत १.१२ मि.मी. झीज झाली, त्या प्रमाणांत ०.०८ मि.मी. पुरणार चार हजार किलोमीटरांस. किमान आंकडा म्हणजे येथपर्यंत तासा असें सांगणारा आंकडा नव्हे. तो गांठतांच तबकडी टाकून द्या असें सांगणारा आंकडा होय. कांहीं कारखाने तर तासण्यासाठीं याहून जाड असा दुसरा आंकडा स्वतंत्र देतात. नानाकाकांनीं पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, “अरे, ही तबकडी आमच्या काळची नव्हे. हिला तासण्यापुरतें मांसच ठेवलेलें नाहीं. पुढल्या दोन नव्या घ्या.” पन्नास वर्षांचें मत त्यांनीं स्वतःच्याच मायक्रोमीटरपुढें बाजूला ठेवलें.

आपल्या घरांत भांड्यांना कल्हई करून घेण्याची रीत होती, आणि पाट्या-वरवंट्याला टाकी लावून घेण्याचीही. दुरुस्ती म्हटली कीं आपल्या मनांत या दोन्हींची गल्लत होते. कल्हईवाला भांड्यावर धातु चढवितो. भांडें जाड होत नसलें तरी त्याचें कांहीं जात नाहीं. टाकीवाला पाट्याचा दगडच थोडा उडवितो. पण पाटा वीतभर जाड, त्याला काय होणार? लेथचें काम टाकीचें, आणि येथें दगडाच्या जागीं १.६ मि.मी.ची शिल्लक. ही शिल्लक पूर्वी बरीच मोठी असे. त्या वेळीं तबकडी महाग, मजुरी स्वस्त, आणि पॅड मऊ. तेव्हां तासणें हाच शहाणपणा होता.

ही तबकडी मुळांत आली कोठून, तें थोडक्यांत सांगतों. इंग्लंडांतील बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें. पण ती कल्पना दीर्घकाळ बाजूला पडली आणि मोटारींना ढोलकीच्या आकाराचे ड्रम ब्रेकच राहिले. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वारनें डिस्क ब्रेकांच्या जोरावर जिंकली, तेव्हां जगाचें लक्ष पुन्हां तिकडे वळलें. १९७० सालीं निघालेल्या पहिल्या रेंज रोव्हरला चारही चाकांस डिस्क ब्रेक होते. चिखलांत आणि डोंगरांत जाणाऱ्या जड गाडीला ही सोय तेव्हां अपूर्वाईची होती. पुढें गाड्या आणखी जड आणि वेगवान झाल्या. युरोपांतील कारखान्यांनीं अधिक पकड देणारे, परंतु तबकडीलाही खाणारे पॅड पसंत केले, आणि तबकडी ही पॅडांप्रमाणेंच झिजून बदलावयाची वस्तु असें धोरण ठेवलें. आपल्याकडे मात्र या गाड्यांचे भाग बाहेरून येतात, महाग पडतात, आणि लेथवाला गल्लोगल्लीं आहे. म्हणून हा प्रश्न आपल्या घरांत अजून जिवंत आहे.

मागल्या तबकड्यांची कथा निराळी निघाली. त्यांची नवी जाडी २४, किमान २२.४, प्रत्यक्षांत भरली २३.५, आणि सगळीकडे सारखी. कडेला गंजाचा कांठ होता, तो मिस्त्र्यानें कानशीनें काढला. पॅड सात मि.मी. शिल्लक होते. येथें बदलण्यासारखें कांहीं नव्हतें आणि तासण्यासारखेंही कांहीं नव्हतें. सर्व्हिस सेंटराच्या अंदाजांतील जवळजवळ निम्मी रक्कम या दोन निरोगी तबकड्यांच्या नांवावर होती! त्यांनीं लबाडी केली असें मी म्हणत नाहीं. चार बदलल्या कीं तक्रार परत येत नाहीं, इतका सरळ त्यांचा विचार असेल. पण न मोजतां दिलेलें मत हें मत नव्हे, अदमास होय.

गंजाविषयीं येथेंच सांगून टाकतों, कारण आपल्याकडील पावसाळ्यांत पुष्कळ लोक उगीच घाबरतात. रात्रभर पाऊस पडला कीं सकाळीं तबकडी तांबूस दिसते आणि पहिल्या वळणावर खर्रकन् आवाज होतो. तो गंज चार वेळां ब्रेक लावतांच पुसला जातो. त्याची चिंता करूं नये. चिंता करावी ती उभ्या गाडीची. मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशीं तीन-चार महिने जाणारीं कुटुंबें आतां प्रत्येक पेठेंत आहेत. गाडी तोंवर अंगणांत भिजत उभी. पॅडाखालच्या जागीं ओल धरते, गंज खोल जातो आणि खळगे पडतात. खळगे उथळ असतील तर तबकडी तासून घेण्यासारखें उत्तम काम नाहीं. आमच्या बहिणीच्या नाशिकच्या गाडीचें असेंच झालें. गाडी अवघी दोन वर्षांची, झीज पाव मि.मी.सुद्धां नव्हती. तेथें तबकडी न काढतां, गाडीवरच, तिच्याच हबावर फिरवून तासणारें यंत्र मिळालें. या यंत्राचा गुण असा कीं हब किंचित् वांकडें असलें तरी तबकडी त्याच्याशीं जुळवूनच सरळ होते. दोन्ही अंगांनीं मिळून अर्धा मि.मी. गेला, तरी शिल्लक भरपूर उरली, आणि हजारों रुपये वांचले. नानाकाकांना हें कळलें तेव्हां त्यांनीं मला पुन्हां पुन्हां ऐकविलें.

तेव्हां तासणें वाईट नाहीं. तासल्यावरही किमान आंकड्याच्या वर निदान एका पॅडजोडीच्या आयुष्याइतकी जाडी उरत असेल, लोखंड साधें ओतीव असेल, चीर किंवा निळा डाग नसेल, आणि एका आंसाच्या दोन्ही चाकांचें काम एकदमच व्हावयाचें असेल, तर खुशाल तासून घ्यावी. एकच तबकडी तासली आणि जोडीची तशीच ठेवली, असें करूं नये. चिरेच्या बाबतींत मात्र घासाघीस नको. तापून उठणाऱ्या केसासारख्या बारीक रेघा बहुतेक तबकड्यांवर दिसतात; पण चीर कडेपर्यंत पोंचलेली असेल, किंवा भोकें पाडलेल्या तबकडींत एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली असेल, तर ती गाडी त्याच दिवशीं उभी करावी. जाडी कितीही असो.

कांहीं तबकड्या अशा आहेत कीं त्यांस लेथ लावूंच नये. महागड्या गाड्यांवर कार्बन-सिरॅमिक नांवाच्या तबकड्या येतात. त्या लोखंडाच्या नसतातच, आणि त्यांची झीज निराळ्या रीतीनें तपासतात. पोर्शनें २०१७ सालीं आपल्या कायेन गाडीबरोबर टंगस्टन कार्बाइडचा अतिकठीण लेप दिलेल्या लोखंडी तबकड्या आणल्या. तो लेप तासणें म्हणजे पैठणीची जर काढून ती धुण्यासारखें. आपल्या गाडीवर काय बसविलें आहे हें लेथवाल्याकडे जाण्यापूर्वीं पुस्तिकेंत पाहून घ्यावें.

समोरच्या पट्टीवर लागणाऱ्या तांबड्या-पिंवळ्या दिव्यावर भिस्त ठेवणाऱ्यांस आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. तो दिवा पॅड झिजल्याचा असतो. पॅडांत एक तार बसविलेली असते, ती घासून तुटली कीं दिवा लागतो. तबकडीची जाडी सांगणारी तार आमच्या गाडींत नव्हती, आणि सहसा कोणत्याच गाडींत नसते. दिवा लागला नाहीं म्हणून तबकडी ठीक आहे असें मानणें म्हणजे दूध उतूं गेलें नाहीं म्हणून तें नासलें नाहीं असें समजण्यापैकींच होय.

पुढल्या दोन नव्या तबकड्या आणि पॅड आणले. येथें एक प्रसंग घडला, तो सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. मिस्त्र्यानें जुनी तबकडी ठोकून काढली. हबाचें तोंड गंजानें खरबरीत झालें होतें. त्यानें फडक्यानें पुसून नवी तबकडी चढविली आणि बोल्ट आवळावयास घेतले. नानाकाका म्हणाले, “थांब जरा.” डायल गेज लावून तबकडी हातानें फिरविली. कांटा ०.०९ मि.मी. डुलला. नवी कोरी तबकडी, आणि डुलणें आहेच! ती उतरविली, हबाचें तोंड तारेच्या ब्रशानें आणि बारीक पॉलिश कागदानें चकचकीत होईपर्यंत साफ केलें, पुन्हां बसविली; कांटा ०.०३ वर आला. हबापाशीं असलेली खपली तबकडीच्या परिघावर दुपटीहून अधिक मोठी होऊन दिसते, याचें प्रत्यक्ष प्रमाण आम्हीं सर्वांनीं पाहिलें. आमची पहिली थरथर घाटाच्या उष्णतेची कीं या गंजाची, हें आतां खात्रीनें सांगवत नाहीं; दोहोंचीही असेल. परंतु त्या दिवशीं डायल गेज नसता, तर नवा खर्च करून आठ-दहा महिन्यांत आम्ही पुन्हां त्याच सर्व्हिस सेंटराच्या दारांत उभे असतों. चाकाचे बोल्ट शेवटीं टॉर्क पान्यानें, समोरासमोरचे असे क्रमानें आवळले. पंक्चरवाल्याकडेही आतां आम्ही तोच पाना घेऊन जातों; तो हंसतो, हंसूं द्यावें.

नवी किंवा तासलेली तबकडी पॅडाशीं रुळवावी लागते. मोकळ्या रस्त्यावर ताशीं साठ किलोमीटरांवरून पंधरा-वीसपर्यंत, मध्यम दाबानें, आठ-दहा वेळां वेग उतरवावा. मध्यें पूर्ण थांबूं नये, आणि शेवटीं ब्रेक न लावतां कांहीं अंतर चालवून तबकड्या निवूं द्याव्या. यानें पॅडाचा लेप सगळीकडे सारखा बसतो. आम्हीं पहाटे साडेपांचास हें काम केलें. तितक्या वेळेलाही मागून येणाऱ्या एका दूधवाल्यानें आम्हांस वेडांत काढलेंच.

घाटाविषयीं माझी स्वतःची चूक मी कबूल करतों. ऑटोमॅटिक गिअरची गाडी म्हणून मी पसरणीचा सारा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलों. खालचा गिअर हातानें निवडण्याची सोय तिच्यांत होती. तो निवडला असता तर बंबाचें पुष्कळसें काम एंजिनानें केलें असतें. सतत हलका पाय ठेवण्यापेक्षां थोडा वेळ नीट दाबून मग पूर्ण सोडणें बरें. मधल्या काळांत तबकडीला वारा लागतो. घाट संपतांच थांबावयाचें झालें तर सपाट जागीं, ब्रेक गच्च न दाबतां थांबावें. आणि ब्रेकचें तेल दर दोन वर्षांनीं बदलावें. तें हवेंतील ओल शोषून घेतें आणि ओल शोषलेलें तेल कमी उष्णतेवर उकळतें. घाटांत तें उकळलें तर पाय पार तळाशीं जातो, आणि मग तबकडी कितीही जाड असून उपयोग नाहीं.

एकूण खर्च पंचाऐंशी हजारांच्या आंत भागला. वहिनींनीं हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आतां एक तक्ता आंखला आहे : तारीख, किलोमीटर, चार तबकड्या, आठ-आठ मापें. नानाकाकांचा मायक्रोमीटर वर्षांतून एकदां, पावसाळ्यापूर्वीं, पेटींतून निघतो. २०२५ च्या मे महिन्यांत पुढल्या तबकड्या दोन्ही ३५.७ भरल्या, फरक ०.०१ च्या आंत. त्याच आठवड्यांत आईनें महाबळेश्वरास जाण्याचा हट्ट धरला. येतांना पसरणीच्या त्याच वळणावर तिनें पुढें वांकून स्टिअरिंगकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां पुन्हां मागें टेकून डोळे मिटले.